साडेसहाच्या दोन रिंगा

दुकानात तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून आपणही ताईच म्हणू. दुकान चष्म्याचं. पुढच्या बाजूला आरसे, दिवे आणि गिऱ्हाइकाला चार फ्रेमा जास्तीच्या लावून बघायला लावणारा मालक. मागच्या बाजूला पडदा, आणि पडद्याआड ताई आणि तिचं काच घासायचं मशीन. काच फ्रेमच्या मापाची घासायची, कडांची धार हाताने मोडायची, फ्रेम तापवून काच बसवायची. अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की घालणाऱ्याचं डोकं दुखतं, आणि त्याच्याआधी मालकाचं. अकरा वर्षांत ताईच्या हातची काच परत आली असेल तर दोनदा-तीनदा. त्या अकरा वर्षांत मालकाला तिच्याबद्दल एवढंच कळलं होतं की ही चहात साखर घेत नाही आणि दुपारचा डबा कोणासमोर खात नाही. हट्टी आहे बाई, असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

ताईला टाइप वन मधुमेह अकराव्या वर्षी झाला. आता ती त्रेचाळीसची. बत्तीस वर्षं रोज चार इंजेक्शनं, बोटांना टोचून टोचून पडलेली भोकं, आणि प्रत्येक घासाआधी डोक्यात आकडेमोड. हे लोकांना सांगून काही उपयोग नसतो हे ती फार लवकर शिकली. सांगितलं रे सांगितलं की समोरचा डॉक्टर होतो. 'लहानपणी गोड फार खायचीस का गं?' हा प्रश्न तर तिच्या पाचवीलाच पुजलेला. पुढे सत्ताविसाव्या वर्षी केस हातात यायला लागले, ऐन उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, दोन जिने चढले की पाय शिशाचे व्हायला लागले. तपासलं, तर थायरॉइड. डॉक्टरीणबाई समजावून म्हणाल्या, "टाइप वनला सोबत लागते हो. बऱ्याच जणींना मागोमाग थायरॉइड येतं." ताईला तेव्हा हसू आलं होतं. घरी येऊन कुलूप उघडलं तेव्हा मात्र आलं नाही. आजारालासुद्धा सोबत मिळते, आणि आपल्याला नाही, असं तिच्या मनात आलं आणि ते तिला फार लागलं.

पण रडतराऊ म्हणाल तर ती मुळीच नव्हे. तिशीत पोहायला शिकली, आणि आठवड्यातून तीनदा जाते. एकटीने पाठीवर बोचकं टाकून डोंगर हिंडून आली, बोचक्यात इन्शुलिन, ग्लुकोजच्या गोळ्या आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड. स्वतःच्या कमाईची दोन खोल्यांची जागा घेतली. जे करायचं ठरवलं ते सगळं केलं. एकच केलं नाही: त्या दोन खोल्यांत कोणाला येऊ दिलं नाही.

त्यालाही कारण आहे, उगाच नाही. चोविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांच्या घरी सगळे बसले होते, बोलणी लांबली, जेवण लांबलं आणि ताईची साखर खाली गेली. खाली गेली की माणूस आपला राहत नाही, हे ज्याला झालंय त्यालाच कळतं. ताईने हातातला पेला होणाऱ्या सासूबाईंच्या दिशेने भिरकावला आणि 'तुमच्या दारात थुंकायलासुद्धा येणार नाही' असं म्हणाली. तिला स्वतःला यातलं काही आठवत नाही. पण मावशी होती ना तिथे. मावशीने शब्दन् शब्द सांगितला, आणि एकदा नाही, पुढची पाच-सहा वर्षं सांगत राहिली. लग्न मोडलं ते मोडलंच. तेव्हापासून ताईने ठरवून टाकलं की आपल्याला या अवस्थेत कोणी बघायचं नाही.

या सगळ्यात तिला सकाळचा एक तास खायला उठायचा. थायरॉइडची गोळी सहाला, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग सातपर्यंत चहासुद्धा नाही. हात रिकामे, पोट रिकामं, घर रिकामं. दिवसभर मशीन असतं, संध्याकाळी तलाव असतो, रविवारी दुसऱ्या गावाहून दादाचा फोन असतो, 'बरी आहेस ना' म्हणणारा आणि 'हो' ऐकून ठेवून देणारा. सहा ते सात मात्र काहीच नसतं.

काहीच नसतं असं म्हणालो, पण साडेसहाला दोन रिंगा असायच्या. त्या काकांच्या.

काका म्हणजे निवृत्त पोस्टमन. वय सदुसष्ट, टाइप वन एकोणिसाव्या वर्षापासून, बायको गेलेली, मुलगा परदेशी. चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर भेटले. ताईच्या हातातली फाइल बघून म्हणाले, "तुम्ही पण जुन्या खेळाडू दिसता." मग आपणहून सांगायला लागले. त्यांच्या बीटावर, म्हणजे टपाल वाटायच्या भागात, एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. तीन दिवसांची पत्रं पेटीतून कोणी काढली नव्हती, म्हणून काकांनी दार ठोठावलं, मग माणसं बोलावून तोडलं. "उशीर झाला होता," ते म्हणाले. "आणि मला, खरं सांगतो ताई, आता पत्रंच येत नाहीत. पेटीवरून कोणाला कळायचं?"

तेव्हा हा करार ठरला. साडेसहाला काकांनी दोन रिंगा द्यायच्या, ताईने उलट दोन. उचलायचा नाही, उचलला म्हणजे काहीतरी बिनसलं. रिंग आली नाही तर पावणेसातला नीट फोन करायचा, आणि तोही उचलला नाही तर सरळ घरी जायचं. त्यासाठी काकांनी पुढच्याच भेटीत आपली जास्तीची चावी आणून दिली, सुतळीला पत्ता लिहिलेला पुठ्ठा बांधून. ताई म्हणाली, "माझी पुढच्या वेळी आणते." चार वर्षं झाली, तिची पुढची वेळ काही आली नव्हती. आपण अमक्या गल्लीत राहतो एवढंच तिने सांगितलं होतं, घर कुठलं ते नाही. काकांनीही विचारलं नाही. त्या रिंगांपलीकडे दोघं बोलतसुद्धा नव्हती.

तर त्या मंगळवारी साडेसहा वाजले आणि फोन वाजला नाही.

सहा पस्तीस. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस पाच मिनिटं उशीर करत नाही. एरवी तिची इन्शुलिनची दोन पेनं दोन ठिकाणी असतात: संथ काम करणारं, दिवसभर पुरणारं पेन निजायच्या खोलीत, झटपट काम करणारं, जेवणाआधीचं, ओट्यावर. घोटाळा नको म्हणून बत्तीस वर्षांचा हा शिरस्ता. त्या सकाळी ती फोन घेऊन या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत होती, आणि कधीतरी दोन्ही पेनं टेबलावर आली. डोळे फोनवर, हात सवयीने चाललेला. अठराचा आकडा फिरवला, पोटाला टोचलं, दहा मोजले, टोपण लावलं. टोपण केशरी होतं.

संथ पेनाचं टोपण राखाडी असतं.

अठरा युनिट झटपट इन्शुलिन, आणि पोटात एक गोळी आणि पाणी. नाश्त्याला ती चार घेते. ही चूक कुठल्या पुस्तकी माणसाकडून होणार नाही. ती बत्तीस वर्षं रोज टोचणाऱ्याकडूनच होते, ज्याचा हात डोक्याला विचारत नाही. ताईचं धाबं दणाणलं. तिने डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला. तो नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता आणि आजवर कधी लावला नव्हता.

सिस्टर शांतपणे म्हणाली, "आत्ता किती आहे साखर?"

"एकशे अठरा."

"मग खायला लागा. रस, साखर, पाव, सगळं. दर पंधरा मिनिटांनी तपासा. चार तास हे चालणार, आणि एकटं राहायचं नाही. सोबत कोण आहे? कोणी नसेल तर मी हॉस्पिटलची गाडी पाठवते."

गाडी म्हणजे आळीभर तमाशा, दोन अनोळखी माणसं घरात, आणि आपण काय वाट्टेल ते बरळतोय.

"आहेत," ताई म्हणाली.

फोन ठेवला आणि आपण केवढं खोटं बोललो ते तिला कळलं. तेवढ्यात पावणेसात झाले. काकांना नीट फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा केला. तेच. आता करायचं काय? घरात बसून खावं तर तिकडे काका. काकांकडे जावं तर रस्त्यात आपलंच काय होईल याचा भरवसा नाही. पण काका एकटे होते आणि चावी तिच्याकडे होती. तिने पिशवीत रसाचे तीन डबे, पावाची लादी, जॅमची बाटली, चमचा आणि साखरेचा डबा कोंबला, आणि निघाली.

पंधरा मिनिटांचा रस्ता. अकरा वर्षं ज्या बाईने कोणासमोर डबा उघडला नाही, ती भर रस्त्यात चालता चालता बाटलीतून जॅम खात होती. दुकानांची दारं उघडत होती, झाडूवाली थांबून बघत होती. बघू दे. एक डबा रस कोपऱ्यापर्यंत संपला. पोट तट्ट फुगलं, ओकारी येईल असं वाटत होतं, आणि तरी पाव तोंडात कोंबायचा. जीव वाचवायला गोड खाणं यासारखी शिक्षा नाही. ज्यांना साखर चोरून खावीशी वाटते त्यांना ही शिक्षा एकदा द्यायला हवी.

काकांच्या दाराला चावी लागली. काका जमिनीवर बसले होते. एका पायात बूट, सदरा घामाने चिंब. समोर जुनी वर्तमानपत्रं, विजेची बिलं, औषधांचे कागद, आणि त्या सगळ्याचे नीट गठ्ठे करणं चाललेलं.

"काका."

"कोण पाहिजे?"

"काका, मी ताई."

"इथे कोणी ताई राहत नाही." त्यांनी एक बिल उलटसुलट करून पाहिलं. "पत्ता अपुरा आहे."

"काका, हा रस प्या आधी."

त्यांनी तिचा हात झटकला. "तुझ्या नावचं काही आलेलं नाही. रोज काय विचारतेस? तुला कोण लिहिणार?"

हे काका नाहीत, ही त्यांची साखर बोलते आहे, हे ताईपेक्षा जास्त कोणाला कळणार? तरी डोळ्यांत पाणी आलंच. मग तिला सुचलं. तिने रसाचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाली, "साहेबांनी पाठवलंय. आधी प्यायचं, मग सही करायची. नियम आहे."

काकांनी डबा घेतला. तीस वर्षांत त्यांनी नियम मोडला नव्हता, आत्ता कसा मोडतील? प्यायले. सही करायला बोटाने हवेत दोन रेघा ओढल्या. ताईने त्यांचं बोट टोचलं: एक्केचाळीस. दुसरा डबा दिला. मग त्यांच्याच ओट्यावर साखरेचं पाणी केलं आणि घोट घोट पाजत बसली. हळूहळू त्यांचे डोळे जागेवर यायला लागले. बहात्तर. त्यांनी आपल्या पायातल्या एका बुटाकडे पाहिलं आणि ओशाळल्यासारखे म्हणाले, "ताई? तुम्ही?"

ताईला 'हो' म्हणायचं होतं. पण ओठ बधिर झाले होते. काकांच्या नादात पाऊण तास तिने ना काही खाल्लं होतं, ना स्वतःला तपासलं होतं. भिंत जरा लांब गेली. एवढंच तिला आठवतं.

पुन्हा कळायला लागलं तेव्हा तिचं डोकं उशीवर होतं, केसांत जॅम होता, आणि काका शेजारी जमिनीवर बसून चमचा तिच्या तोंडाशी धरून होते. फोन मांडीवर, त्यातून सिस्टरचा आवाज. "गिळतायत ना? मग द्या. बोलायला लागल्या की सांगा." फरशीवर काचा पडल्या होत्या.

तासाभरात दोघांचे आकडे शंभरच्या वर आले. काकांनी काचा गोळा केल्या. ताई भिंतीला टेकून बसली होती आणि तिला एकच भीती होती, वीस वर्षं जुनी.

"मी काही बोलले का?"

"बोललात की."

"काय?"

"आधी मला ढकललंत. मग पेला फोडलात." काका केरसुणी ठेवून आले. "मग शिव्या दिल्यात. त्यातली एक मला नवीन होती, आणि मी तीस वर्षं दारोदार फिरलोय."

"आणि?"

काका तिच्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "मग माझी बाही धरलीत आणि म्हणालात, जाऊ नका. दहा-बारा वेळा म्हणालात. मी म्हटलं, अहो मी कुठे जाणार, माझंच घर आहे हे."

ताईला हसायचं होतं. पण ती रडायला लागली, आणि तिने ते लपवलं नाही. मावशीने इतकी वर्षं शब्दन् शब्द सांगितलं, पण आपल्या आत हेही होतं हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी थांबलंच नव्हतं, आणि तिने थांबू दिलं नव्हतं.

"आणि मी?" काकांनी विचारलं. "मी काय बोललो?"

तुला कोण लिहिणार, हे तिने सांगितलं नाही. "म्हणालात, पत्ता अपुरा आहे."

काका यावर हसतील असं तिला वाटलं, पण ते हसले नाहीत. "खरंच आहे ते. काल उगाच जुन्या बीटावर सगळं चालून आलो. ओळखीचं कोणी भेटेल म्हणून. कोणी भेटलं नाही. दमून अर्धंच जेवलो, म्हणून हे झालं. पण तुम्हाला माझं दार माहीत होतं." त्यांनी बूट काढून बाजूला ठेवला. "उलटं झालं असतं तर मी काय करणार होतो? तुमच्या गल्लीत शिरून प्रत्येक दार ठोकलं असतं. सवय आहे मला. पण उशीर झाला असता ताई."

उशीर हा शब्द त्यांनी कसा उच्चारला ते तिला कळलं. त्या पत्रांच्या पेटीपाशी ते अजून उभे होते.

तिने दुकानात फोन केला. "आज येत नाही. सकाळी साखर खाली गेली होती."

"कसली साखर?" मालक म्हणाला.

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांचं सगळं, पाच मिनिटांत. काहीतरी सल्ला देणार म्हणून तिने दात आवळून ठेवले होते, पण तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही पडद्याच्या पलीकडे होतो आणि आम्हाला पत्ताच नाही?" त्याला वाईट वाटलं होतं. 'उद्या येते' म्हणून ताईने फोन ठेवला.

दुपारी काका तिला सोडायला आले. गल्ली, जिना, दुसरा मजला, डावीकडचं दार. ते दाराबाहेरच थांबले. ताईने आत जाऊन खण उघडला. जास्तीची चावी जागा घेतली त्या दिवशीच्या कागदी पाकिटात तशीच होती, एकदाही न वापरलेली. तिने ती त्यांच्या हातात ठेवली. काकांनी खिशातून पेन काढलं, पाकिटावर मजला लिहिला, दार लिहिलं, वर नाव लिहिलं, आणि सगळं एकदा वाचून पाहिलं. मग जिना उतरून गेले. ताईने दार लावलं. घर होतं तसंच होतं, रिकामं. टेबलावर दोन्ही पेनं शेजारी शेजारी पडली होती. तिने एक उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सहाला गोळी घेतली, पाणी प्याली, खिडकीशी बसली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. साडेसहाला फोन वाजला. एक रिंग. दुसरी. कराराप्रमाणे आता तो थांबायला हवा होता, त्याआधीच ताईने उचलला.

पलीकडे एकदम धावपळ. खुर्ची सरकली, चाव्या खुळखुळल्या. "काय झालं? ताई? निघालो मी, दुसरा मजला, डावीकडे, दहा मिनिटांत—"

"काही झालं नाही काका."

"मग उचललात का?"

ताईला उत्तर माहीत होतं, पण ते सरळ तोंडातून निघेना.

"सातपर्यंत चहा घ्यायचा नसतो," ती म्हणाली. "थायरॉइडची गोळी असते ना. अर्धा तास आहे अजून."

पलीकडे चाव्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची पुन्हा ओढल्याचा.

"बोल मग," काका म्हणाले.